छावणीतली मुलगी आणि पागेतली घोडी: मुलांसाठीच्या ऐतिहासिक कादंबरीबद्दल मार्गदर्शन हवे आहे

शब्दखूण यांचा प्रश्न

नमस्कार. नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी मी एक छोटी ऐतिहासिक कादंबरी लिहीत आहे. तिच्या केंद्रस्थानी एक मुलगी आणि एक घोडी आहे. शिवछत्रपतींनी चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील पागेच्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी पागेकरिता साठवलेला दाणागोटा बराचसा आधीच खर्च झाला आहे, तेव्हा आता हाताला येईल तसे घोड्यांना चाराल तर भर पावसात काहीच मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असे महाराज त्यात बजावतात. चुली, आगट्या, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव आणि रात्री उंदराने पळवलेली दिव्याची जळती वात यांमुळे गवताच्या गंजींना आग लागेल, ही काळजीही त्यात आहे. हे पत्र मी सातवीच्या मुलांना वाचून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "पण बाई, त्या घोड्यांजवळ रात्री झोपायचं कोण?" कादंबरी त्या प्रश्नातून सुरू झाली.

माझी नायिका साळू दहा वर्षांची असून छावणीतल्या नालबंदाची मुलगी आहे. तिचा जीव एका कुम्मैत, म्हणजे तांबूस-काळसर रंगाच्या, घोडीवर जडतो आणि पावसाळ्याचे चार महिने ती घोडी हेच तिचे जग होऊन जाते. पहिला खर्डा पूर्ण झाला आहे, पण तो पुन्हा वाचताना तीन ठिकाणी मला अस्वस्थ वाटते.

पहिली अडचण अशी की, सभासदाच्या बखरीत लष्करात बायको, बटकी, कलावंतीण नसावी असा कडक नियम सांगितला आहे. मग दहा वर्षांची मुलगी पागेपर्यंत पोहोचेल कशी? दुसरी अडचण कथेच्या उत्कर्षबिंदूची आहे. शत्रू आल्याची वर्दी देण्यासाठी साळू रात्री खोगिराविना घोडीवर उडी मारते आणि वाशिष्ठीच्या पुरातून पलीकडे जाते, असा प्रसंग मी लिहिला आहे. लिहिताना अंगावर काटा आला होता, आता मात्र तो कुठल्यातरी चित्रपटातून उचलल्यासारखा वाटतो. तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोघींमधले प्रेम दाखवताना मी सारखी "घोडीच्या डोळ्यांत तिला सारे काही कळले" अशा वाक्यांवर येऊन थांबते, कारण घोड्याच्या सहवासाचा मला स्वतःला काहीच अनुभव नाही. ज्यांना इतिहासाची किंवा घोड्यांची जवळून माहिती आहे, त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहावे.

बखरवाचक यांचे उत्तर

विषय फार चांगला निवडला आहे. आपल्याकडे मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कथांमध्ये घोडा बहुधा राजाच्या मांडीखाली असतो. त्याला पाणी पाजणारा, त्याचे खूर पाहणारा माणूस कथेत येतच नाही.

तुमच्या पहिल्या अडचणीचे उत्तर त्याच बखरीत आहे. स्त्रियांना बंदी होती ती लष्कर मुलूखगिरीवर असताना. पावसाळ्यात लष्कर आपल्या मुलखात छावणीला येई, तिथे दाणा, गवत, औषधे तयार ठेवलेली असत, घोड्यांसाठी गवताने शाकारलेल्या पागा असत, आणि दसरा झाला की लष्कर पुन्हा बाहेर पडे. आठ महिने बाहेर आणि चार महिने छावणीत, असे ते चक्र होते. छावणी उतरते तिथे आजूबाजूला गाव असतो, आणि पत्रातला मुख्य रोख त्या गावातल्या रयतेला तोशीस लागू नये यावरच आहे. तेव्हा साळूला छावणीतच जन्मलेली दाखवण्याऐवजी तिचे घर त्या गावात ठेवा आणि बापाला पावसाळ्यापुरते पागेच्या कामाला लावा, किंवा तो लष्करासोबत जाणारा असेल तर चार महिन्यांसाठी तिला त्याच्याकडे येऊ द्या. मुलगी सकाळी बापाची भाकरी घेऊन पागेत जाते आणि तिथे रेंगाळते, यात अशक्य असे काहीच नाही. नालबंदाची निवडही नेमकी आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पखालीने पाणी पुरवणारा, आणि एक नालबंद असे, म्हणजे साळूच्या बापाच्या हाताखाली पंचवीस घोड्यांचे शंभर खूर येतात. दहा वर्षांच्या वाचकाला ही आकडेमोड आवडेल, कारण ती तो स्वतः करू शकतो.

तुम्ही विचारली नाही अशी एक गोष्ट मला यापेक्षाही मोलाची वाटते. ही घोडी कोणाची आहे? शिलेदार स्वतःच्या घोड्यावर आणि स्वतःच्या हत्याराने चाकरी करी. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, म्हणून पागेतला घोडा बारगिराचा नसे, तो सरकारचा असे. बारगीर बदलला तरी घोडा पागेतच राही. तुमची घोडी पागेतली आहे, म्हणजे साळूचा जीव ज्या प्राण्यावर जडला आहे तो तिचा तर नाहीच, तिच्या बापाचाही नाही आणि त्यावर बसणाऱ्या स्वाराचाही नाही. दसऱ्याला ती घोडी जाणार हे पहिल्या पानापासून सर्वांना ठाऊक असेल. एवढ्या एका वस्तुस्थितीतून जी हुरहूर निर्माण होईल, ती पुराच्या प्रसंगातून होणार नाही. शत्रूची स्वारी कथेत आणण्याची मला गरज दिसत नाही, कारण त्या पत्रात शत्रू आधीच आहे. पाऊस, रिकामी होणारी कोठारे आणि उंदराच्या तोंडातली जळती वात हेच तिथले संकट आहे.

नीराकाठ यांचे उत्तर

आमचे घराणे मेंढपाळांचे. आता मी नोकरीमुळे गावी राहत नसलो तरी माझे बालपण वाड्यावर, म्हणजे मेंढरांसोबत फिरणाऱ्या बिऱ्हाडात गेले, म्हणून तुमच्या तिसऱ्या अडचणीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

मेंढरे घेऊन पुरुष पुढे जात आणि घोड्यांवर बिऱ्हाड लादून बायका आणि मुली दुसऱ्या वाटेने पुढच्या मुक्कामावर पोहोचत. भांडीकुंडी, अंथरुणे, पाय बांधलेल्या कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि चालता न येणारी पोरे, हे सगळे त्या घोड्यांच्या पाठीवर असे. हीच आमची भीमथडी घोडी. भीमा आणि नीरेच्या खोऱ्यांतली ही जात उंचीला बेताची, पण काटक आणि थोड्या चाऱ्यावर भागवणारी आहे. मराठ्यांच्या फौजा ज्या दख्खनी घोड्यांवर दौडल्या त्यांचे नाव या जातीशी जोडले जाते, आणि अलीकडेच तिची देशपातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, याचा आम्हा सगळ्यांना फार आनंद झाला. सांगायचे एवढेच की, महाराष्ट्रात मुलगी आणि घोडा यांचे नाते शोधायला राजवाड्यात जाण्याची गरज नाही. ते रस्त्याच्या कडेने आजही चालताना दिसते.

आता डोळ्यांबद्दल. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे त्याला चहूकडचे दिसते, पण अगदी नाकासमोरचे आणि थेट शेपटीमागचे दिसत नाही. नवशिका माणूस प्रेमाने सरळ समोर जातो आणि कपाळावर हात ठेवतो, तेव्हा घोडा दचकतो, कारण तो हात त्याच्या दृष्टीने शून्यातून आलेला असतो. माझ्या आजीने मला पहिला धडा हाच दिला होता की, बाजूने यायचे, आधी आवाज द्यायचा, मग खांद्यावर हात ठेवायचा आणि मागे जायचे असेल तर तो हात पाठीवरून न उचलता जायचे. घोड्याचे मन डोळ्यांपेक्षा कानांत जास्त दिसते. कान मागे चपटे झाले की दूर व्हावे, एक कान तुमच्याकडे वळला की तो ऐकतो आहे असे समजावे. साळू आल्यावर घोडीचा एकच कान वळतो आणि तोंड मात्र तोबऱ्यातच राहते, एवढे लिहिलेत तरी पुरे होईल.

साळू नालबंदाची मुलगी आहे, तेव्हा तिला खूर वाचता आला पाहिजे. पावसाळ्यात घोडी लीद आणि चिखलात उभी राहिली की खुराच्या मधला मऊ भाग कुजू लागतो आणि त्याला एक विशिष्ट घाण वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. मोठ्यांच्या आधी मुलीला तो वास येतो, असे दाखवता येईल, कारण मुलांचे नाक खुराच्या जवळ असते.

आणि एक आठवण सांगतो, ती तुमच्या पत्राशी जुळते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्याकडे एक घोडी होती. मला तिचा फार लळा होता आणि ती मला नेहमी भुकेलीच वाटे, म्हणून एका संध्याकाळी मी तिला कोणाला न सांगता पाटीभर कोरडे धान्य चारले. रात्री तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. ती सारखी कुशीकडे वळून पाहत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती आणि खाली पडून लोळू पाहत होती. घोड्याला ओकारी काढता येत नाही, पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे, नाहीतर जीव जातो. आजीने तिला खाली बसू दिले नाही. दोरी धरून ती रात्रभर तिला संथ चालवत राहिली आणि मध्येच थांबून घोडीच्या पोटाला कान लावत राहिली. पहाटे पोटात गुरगुर ऐकू आली, मग घोडीने लीद टाकली, आणि आजी तिथेच जमिनीवर बसून रडली. मला कोणी मारले नाही. पण त्या रात्रीनंतर घोडीवर माया करणे म्हणजे काय, हे मला कोणी वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

महाराजांनी दाणा बेतानेच चारा असे लिहिले, त्यात कोठाराची काळजी आहेच, पण मला त्यात घोडा ओळखणारा माणूसही दिसतो. तुमच्या साळूच्या हातून ही चूक होऊ द्या.

शाळेतल्या ग्रंथपाल यांचे उत्तर

नीराकाठ यांची आठवण वाचून माझे डोळे भरून आले. तरीही मुलांच्या बाजूने एक म्हणणे मांडते. तीस वर्षे शाळेच्या ग्रंथालयात काढल्यावर मी खात्रीने सांगू शकते की, घोड्याचे पुस्तक हातात घेणाऱ्या मुलीला कुठेतरी वाऱ्यासारखे धावायचे असते. तिला चारशे वेळा खरारा करायला लावून एकदाही घोडीवर बसू दिले नाही, तर तिची निराशा होईल आणि ती निराशा रास्त असेल. धावण्याचा प्रसंग काढू नका, त्याची जागा बदला. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या तिन्हींचे एकच उत्तर आपण लहानपणी पाठ केले आहे. चार महिने बांधलेली घोडी फिरवली नाही तर अडेल, हे पागेतल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. मग एखाद्या उघडिपीच्या दिवशी तिला फिरवण्याचे काम हलक्या अंगाच्या साळूवर का येऊ नये?

लक्ष्मीबाईंचा उल्लेखही करावासा वाटतो. मुलींच्या वाचनात त्या येतात त्या पाठीशी मूल बांधून तटावरून घोडा उडवणाऱ्या, म्हणजे दंतकथेतल्या. पण पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७च्या धामधुमीत झाशीत होते आणि त्यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकात बाईंच्या अश्वपरीक्षेची एक हकीकत आहे. एका सौदागराने दोन उमदे घोडे विकायला आणले, बाईंनी दोन्हींवर बसून पाहिले आणि एकाची किंमत हजार रुपये, तर दिसायला तितक्याच देखण्या दुसऱ्याची पन्नास रुपये ठरवली, कारण त्याची छाती दुखावलेली होती. मी ही हकीकत मुलींना सांगते तेव्हा प्रत्येक वर्गात एकच प्रश्न येतो की, वरून न दिसणारी दुखापत बाईंना कळली कशी? तटावरच्या उडीबद्दल असा प्रश्न आजवर एकीनेही विचारलेला नाही. उडी ऐकून त्या टाळ्या वाजवतात. पारख ऐकून मात्र त्यांना ती शिकावीशी वाटते.

दूरदेशी यांचे उत्तर

मी इंग्लंडमध्ये राहते आणि माझी मुलगी इथल्या घोड्यांच्या गोष्टींवर वाढली, म्हणून दोन गोष्टी जोडते. इथल्या मुलांच्या साहित्यात पहिल्या महायुद्धातले घोडे पुन्हा पुन्हा येतात. १९१४मध्ये युद्ध सुरू होताच सैन्याने शेतांतले, गाड्यांना जुंपलेले आणि घरच्या तबेल्यांतले लाखाहून अधिक घोडे काही आठवड्यांत ताब्यात घेतले. ज्या घरातून घोडा गेला त्या घरातल्या मुलांचे दुःख हाच अनेक कथांचा गाभा असतो. बखरवाचक म्हणतात ते पागेच्या घोडीचे दुःख याच्याशी नाते सांगणारे असले, तरी मला ते अधिक खोल वाटते, कारण इथे घोडा हिरावून नेला जातो आणि साळूची घोडी तिची कधी नव्हतीच.

दुसरी गोष्ट एका चित्राची. विल्टशायरमधल्या रसली पार्क येथे युद्धकाळात लष्करी घोड्यांची शुश्रूषा आणि तयारी करण्याचे केंद्र स्त्रिया चालवत होत्या. ल्युसी केम्प-वेल्च या चित्रकर्तीने त्या स्त्रियांना, पेंढा अंथरलेल्या मार्गावरून घोड्यांना व्यायामासाठी दौडवताना रंगवले आहे. चित्रात वेग भरपूर आहे, पण कोणी कोणाचा पाठलाग करत नाही. ते त्यांचे रोजचे काम आहे. ग्रंथपालबाईंनी सुचवलेला प्रसंग वाचताना मला तेच चित्र आठवले.

शब्दखूण यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि इतके नेमके लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. चार दिवस मी काहीच लिहिले नाही, फक्त वाचत राहिले, आणि आता पुराचा प्रसंग पूर्णपणे काढून टाकला आहे. शत्रूही गेला.

आता कथा अशी उभी राहते आहे. श्रावणात कोठारातला दाणा कमी होतो, चंदी, म्हणजे घोड्यांचा रोजचा दाणा, निम्मी होते आणि साळूला घोडीच्या बरगड्या दिसू लागतात. ती रोज मूठमूठ कुळीथ ओच्यात लपवून साठवते आणि एका रात्री सगळे एकदम चारते. पुढची रात्र नीराकाठ यांच्या आजीची आहे, तिला मी माझ्या शब्दांत नटवणार नाही. दोरी धरून चालणाऱ्या बापाच्या मागे साळू कंदील घेऊन चालते, आणि गवताच्या गंजीजवळून जाताना प्रत्येक वेळी कंदील पदराखाली घेते. पत्रातली ती जळती वात मला अशी कथेत आणता आली. दादा, आपल्या आठवणीतली पाटी आणि पोटाला लावलेला कान मी वापरू इच्छिते, आपली हरकत असेल तर अवश्य सांगावे.

घोडी बरी झाल्यावर भाद्रपदातल्या एका उघडिपीच्या सकाळी हवालदार स्वतः साळूला तिच्यावर बसवतो, कारण अशक्त घोडीवर मोठा स्वार बसवायचा नसतो. आधी संथ पावले, मग दुडकी आणि मग नदीकाठच्या मोकळ्या पट्ट्यावर एकदाच भरधाव. ग्रंथपालबाई, ते एक पूर्ण प्रकरण आहे आणि त्यात दुसरे काहीही घडत नाही.

शेवटचे पान मात्र अजून पक्के होत नाही. काल रात्री लिहिले ते आपल्यापुढे ठेवते.

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी घोडीला नवे नाल ठोकायचे होते. बापाने तीन पायांचे काम उरकले आणि चौथ्यासाठी मोतद्दाराला हाक मारली, पण त्याआधीच साळू बाजूने आली होती. तिने आवाज दिला, खांद्यावर हात ठेवला, तो पाठीवरून तसाच मागे नेला आणि घोडीचा मागचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. खूर कोरडा होता. तिने वाकून वास घेतला. मग बापाकडे पाहून ती म्हणाली, 'ठोका.'"

यानंतर घोडी जाताना दाखवावी की इथेच थांबावे, एवढेच आता विचारायचे आहे.

नीराकाठ यांचे उत्तर

ताई, पाटीही आपली आणि आजीचा कानही आपलाच, खुशाल घ्या. फक्त साळूला उचललेल्या पायाच्या सरळ मागे उभी करू नका. घोडीच्या अंगाला लागून, शेपटीकडे तोंड करून तिला वाकू द्या, नाहीतर आमच्याकडची मुले पुस्तक वाचताना ओरडतील. कंदिलाबद्दलही एकदा विचार करावा. त्या काळी हातात पलिता किंवा पणती असणार, आणि पदराखाली उघडी ज्योत धरता येत नाही. बापाने तिला अंधारातच चालायला लावले आणि ती घोडीच्या टापांच्या आवाजावर चालत राहिली, तर ते गंजीच्या दृष्टीनेही सुरक्षित आणि खरे होईल. शेवट आहे तिथेच ठेवा.